विशने साधं सामान मागायचं तर: २५,००० जीपी, ‘एक नग’ आणि जमिनीची अट

निपाणी_वीसबाजू

अण्णा-अक्का मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (टेबलावर २०१४ ची पुस्तकं आहेत) विझार्ड, म्हणजे जादूगार, १७ व्या लेव्हलला गेला की विश हा इच्छा पुरवणारा स्पेल (मंत्र) हातात येतो. त्यावर चर्चा होते ती मोठ्या मागण्यांची. कुणाला देव व्हायचंय, कुणाला मेलेला राजा परत हवाय. माझा प्रश्न साध्या सामानाचा आहे. २५,००० जीपीपर्यंतची (जीपी म्हणजे सोन्याची नाणी), जादू नसलेली एक वस्तू तयार करता येते असं स्पेलमध्ये सरळ लिहिलंय. खेळाडूंनी चार मागण्या ठेवल्यात: सोनं, एक युद्धनौका, ट्रू रेझरेक्शनला (मेलेल्याला उठवणारा स्पेल) लागणारे हिरे आणि खिंड अडवायला लोखंडाचं काहीतरी भक्कम. यातलं काय चालतं, काय नाही, आणि मागायचं कसं? घरचे नियम असतील तर ते वेगळे सांगा, पुस्तकातलं वेगळं.

खडेबाजार_कायदेपंडित

आधी स्पेल नीट वाचू. ९ व्या लेव्हलचा कॉन्ज्युरेशन, एक ॲक्शन, नुसतं तोंडाने म्हणायचं, साहित्य काही नाही. मूळ काम एकच: ८ व्या किंवा त्याखालच्या लेव्हलच्या कुठल्याही स्पेलची नक्कल. नक्कल करताना त्या स्पेलच्या अटी पाळाव्या लागत नाहीत, महाग साहित्यसुद्धा नाही, आणि विझार्डला काहीही होत नाही. वस्तू तयार करणं हा त्यानंतरच्या यादीतला प्रकार, आणि तिथे दंड लागतो.

वस्तूच्या अटी अशा: जादुई नको, किंमत २५,००० जीपीच्या आत, कुठल्याही बाजूने ३०० फुटांपेक्षा मोठी नको, आणि ती तुम्हाला दिसणाऱ्या मोकळ्या जागेत, जमिनीवर येते. शिवाय ‘एक’ वस्तू. हा शब्द लोक हमखास गाळतात आणि मग डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) भांडतात.

दंड असा. पुढच्या लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या झोपेपर्यंत) कुठलाही स्पेल टाकला की त्याच्या प्रत्येक लेव्हलमागे १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) नेक्रॉटिक डॅमेज, म्हणजे इजा, तो कमी करता येत नाही, टाळताही येत नाही. म्हणजे ३ ऱ्या लेव्हलच्या फायरबॉलला ३डी१०, सरासरी साडेसोळा, आपल्याच अंगावर. कँट्रिप शून्य लेव्हलचे, ते फुकट. स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) २डी४ दिवसांसाठी ३ वर येते. नुसता आराम केला तर प्रत्येक दिवसामागे उरलेली मुदत २ दिवसांनी घटते. आणि शेवटचं, सगळ्यात जड: ३३ टक्के शक्यता की यापुढे विश कधीच टाकता येणार नाही.

त्यामुळे वस्तू मागायची वेळ एकच: दिवस संपताना, लढाई आटोपल्यावर, झोपायच्या आधी. सकाळी उठून मागणाऱ्याने दिवसभर कँट्रिपवर भागवायचं.

तिसरंगेट

३३ टक्क्यांचा हिशेब मांडतो, म्हणजे चर्चेला बूड येईल. पहिल्या वस्तूनंतर विश शाबूत राहण्याची शक्यता ६७ टक्के, दुसरीनंतर जवळपास ४५, तिसरीनंतर ३०, चौथीनंतर २०. सरासरीने तिसऱ्या वस्तूच्या आसपास हात रिकामा होतो. म्हणजे आयुष्यभराचा विश विकून साधारण ७५,००० जीपीचं सामान मिळतं. या लेव्हलच्या पार्टीला तेवढे पैसे एकदोन ड्रॅगनच्या गुहेत मिळून जातात. पैशासाठी विश वापरणं म्हणजे दुभती म्हैस कातड्यासाठी विकणं.

निपाणी_वीसबाजू

पटलं. तरी सोनं म्हटलं तर नेमकं किती येतं? खेळाडूंना आकडा दाखवला की त्यांचं त्यांना कळेल.

तिसरंगेट

पुस्तकातल्या व्यापारी मालाच्या तक्त्यात सोनं ५० जीपी पौंड. म्हणजे ५०० पौंड, सुमारे २२७ किलो. ऐकायला डोंगर, पण सोनं जड असतं; आकारमान भरतं बारा लिटरच्या आत. आंघोळीची बादली भरत नाही. चौकोनी वीट केली तर बाजू सुमारे २३ सेंटिमीटर.

२५,००० नाणी मागू नका. ती २५,००० वस्तू झाल्या, डीएमने एकच नाणं दिलं तर तोंड उघडता येणार नाही. अखंड वीट मागा.

आता उचलायची कुणी? विझार्डची स्ट्रेंग्थ ३, वाहून न्यायची मर्यादा १५ पट, म्हणजे ४५ पौंड. उचलायची किंवा ओढायची मर्यादा ३० पट. ५०० पौंड जमिनीवरून हलवायला किमान १७ स्ट्रेंग्थचा गडी हवा (५१० पौंड). बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीत ५०० पौंड मावतात, वीट बरोब्बर बसते. पण पिशवीत आधी एक बिस्किटसुद्धा असलं तर पिशवी फाटते आणि आतलं सगळं ॲस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्या मितीत विखुरतं.

प्लॅटिनम मागितलं तर ५०० जीपी पौंड, म्हणजे ५० पौंड, जेमतेम लिटरभर. एका तांब्यात मावेल. आणि तरीही ४५ पौंडांच्या मर्यादेत बसत नाही. विझार्डने स्वतःच मागितलेला तांब्या त्याला स्वतःला नेता येत नाही, हे मला फार आवडतं.

शहापूर_माग

व्यापारी मालाचा एक फायदा सांगायचा राहिला. सोनं, रत्नं, धान्य, मीठ, कापड पूर्ण भावाने विकलं जातं. हत्यारं, चिलखत आणि तसलं इतर सामान चांगल्या अवस्थेत असलं तरी अर्ध्या भावाने. म्हणून २५,००० ची नौका मागून विकायची असेल तर हातात १२,५०० येणार.

कापडाचंही गणित बघा. रेशीम १० जीपी चौरस यार्ड, म्हणजे २,५०० चौरस यार्ड. ताग्यांचा ढीग मागितला तर ‘एक नग’ होत नाही. पण ५० यार्ड बाय ५० यार्डाचं एकसंध कापड होतं: १५० फूट बाय १५० फूट, ३०० फुटांच्या आत. मधे शिवण नाही. आमच्या शहापूरच्या कुठल्या मागावर ५० यार्डांचा पन्हा निघायचा? असलं काहीतरी मागण्यात विशची मजा आहे, जे कुणालाही किती पैसे दिले तरी करून मिळणार नाही. अख्ख्या चौकावर छत, नाहीतर किल्ल्याच्या बुरुजावरून सोडायचा पडदा. डीएम घडणावळ धरणार असेल तर तेवढं क्षेत्र कमी धरा.

संकेश्वर_शून्यस्लॉट

अण्णा, एक शंका विचारूलोय. सिम्युलाक्रम (आपलाच चालताबोलता पुतळा) करायचं नी त्याच्याकडनं विश मारून घ्यायचा. त्याचा विश गेला तर जाऊ दे की, आपलं काय जातंय?

खडेबाजार_कायदेपंडित

कागदावर चालतं, म्हणूनच डोकेदुखी आहे. सिम्युलाक्रम ७ व्या लेव्हलचा, १२ तास लागतात, १,५०० जीपीची माणकाची पूड खर्ची पडते. पुतळ्याला मूळ माणसाचे स्लॉट (स्पेल टाकायच्या ठरावीक संधी) मिळतात, पण वापरलेले परत येत नाहीत. म्हणजे ९ वा स्लॉट शिल्लक असताना पुतळा केला तर त्याच्याकडे एक विश. त्याने वस्तू तयार केली की दंड ‘टाकणाऱ्याला’, म्हणजे पुतळ्याला. त्याची स्ट्रेंग्थ ३ झाली काय, त्याचा विश गेला काय. निव्वळ नफा २३,५०० जीपी, आणि दुसऱ्या दिवशी नवा पुतळा केला की जुना आपोआप नष्ट.

२०१४ च्या नियमांत पुतळ्याने विशने सिम्युलाक्रमची नक्कल करायची, त्या पुतळ्याने पुन्हा तेच, अशी साखळीही लागते. २०२४ च्या पुस्तकात पुतळ्याला सिम्युलाक्रम टाकता येत नाही, त्यामुळे साखळी तुटली. एका पुतळ्यामागे एक वस्तू मात्र तिथेही निघते.

अक्का_डीएम

यावर टेबलावर चालणारा उपाय: पुतळ्याने दंड ओढवला तर ३३ टक्क्यांचा फासा मूळ विझार्डसाठी टाकायचा. हा घरचा नियम आहे, पुस्तकात नाही. मोहीम सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा. पुतळा तयार झाल्यावर सांगितला तर खेळाडू चिडतात, आणि बरोबर चिडतात.

दुसरा उपाय जगातूनच येतो. रोज १,५०० जीपीची माणकाची पूड लागते. ती दळायला माणकं कुठून येणार? एका बाजारपेठेत दहा दिवस सलग माणकं उचलली की भाव चढणारच. निपाणीच्या बाजारात तंबाखूची आवक कमी झाली की काय होतं ते निपाणीकरांना सांगायला नको.

जुनी_पुस्तकं_अण्णा

हा प्रश्न नवा नाही. साडेतीन आवृत्तीतही विशने २५,००० जीपीपर्यंतची साधी वस्तू करता यायची, पण टाकणाऱ्याचे ५,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) जायचे. आता गंमत बघा. बाहेरच्या विझार्डकडून स्पेल टाकून घ्यायचा दर होता कास्टर (टाकणाऱ्याची) लेव्हल गुणिले स्पेल लेव्हल गुणिले १० जीपी, वर प्रत्येक एक्सपीमागे ५ जीपी. १७ गुणिले ९ गुणिले १० म्हणजे १,५३०, अधिक २५,०००. एकूण २६,५३०. म्हणजे २५,००० ची वस्तू मागायला २६,५३० मोजायचे. स्क्रोल घेतला तर २८,८२५. त्या आकड्यांवरून सरळ दिसतं की हा प्रकार कमाईसाठी नव्हता, वस्तू ‘आत्ता, इथे’ हवी असेल तेव्हासाठी होता.

तरी पळवाट होतीच. इफ्रीटी हा जिन दिवसाला तीन विश द्यायचा आणि ते स्पेल-लाइक, म्हणजे अंगची जादू, असल्याने एक्सपी जायचे नाहीत. त्याचे हिट डाइस (जीवाच्या ताकदीचे फासे) १०, प्लॅनर बाइंडिंगची (असा जीव बांधून आणणारा स्पेल) मर्यादा १२. म्हणजे ११ व्या लेव्हलचा विझार्डसुद्धा त्याला बांधून आणू शकायचा. तिथे साधं सामान मागणारा माणूस मूर्ख ठरायचा, कारण त्याच विशमधून जादुई वस्तू मागता यायची.

पाथफाइंडर या याच धर्तीच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीने एक्सपी काढून २५,००० जीपीचा हिरा लावला आणि यादीतून साधी वस्तू वगळली. बरोबरच आहे, २५,००० चा हिरा देऊन २५,००० चं काय घेणार? दुसऱ्या एडीत (जुन्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीत) विश टाकला की वय पाच वर्षांनी वाढायचं. पाचव्या आवृत्तीतले ते २डी४ दिवस पार पहिल्या एडीतून आलेत. तिथे स्ट्रेंग्थ तीनने घटायची आणि २ ते ८ दिवस अंथरूण धरावं लागायचं.

निपाणी_वीसबाजू

अण्णा, सोनेरी माहिती. आता हिऱ्यांकडे वळूया. क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) ९ वा स्लॉट आहे, हिरे नाहीत.

खडेबाजार_कायदेपंडित

आधी खरंच ट्रू रेझरेक्शन लागतंय का ते बघा. प्रेत हाताशी असेल, मृत्यूला शंभर वर्षं झाली नसतील आणि म्हातारपणाने मेला नसेल, तर विझार्डने विशने रेझरेक्शनची नक्कल करावी. तो ७ व्या लेव्हलचा. एरवी १,००० जीपीचा हिरा लागतो, नकलेत तोही नाही, आणि दंड शून्य. प्रेतच उरलं नसेल (डिसइंटिग्रेट, लाव्हा) तरच ९ व्या लेव्हलच्या ट्रू रेझरेक्शनची पाळी, आणि ९ व्याची नक्कल विशला जमत नाही. तेव्हा हिरे मागणं रास्त आहे.

आता अडचण. साहित्यात ‘हिरे’ असं अनेकवचन आहे, एकूण किमान २५,००० जीपीचे. विशमधून येणार एक वस्तू, कमाल २५,००० ची. सुट्या हिऱ्यांची पुरचुंडी मागाल तर ते अनेक नग. दागिना मागाल तर सोन्याची आणि घडणावळीची किंमत त्या २५,००० मध्येच धरली जाणार, हिरे कमी भरणार. साध्या सुती दोऱ्यात ओवलेला सर मागितला तर दोऱ्याचा एक सीपी (तांब्याचं नाणं) धरूनसुद्धा हिरे २४,९९९.९९ चे! क्लेरिक ७५ मैल चालत आलाय आणि एका दोऱ्यापायी स्पेल वाया.

अक्का_डीएम

त्याला उपाय आहे, आणि फुकटात. क्रोमॅटिक ऑर्ब या स्पेलला ५० जीपीचा हिरा लागतो आणि तो खर्च होत नाही. विझार्डच्या किंवा सॉर्सररच्या पोतडीत तो बहुतेक वेळा पडून असतो. विशने एकच अखंड हिरा मागा, २५,००० चा. त्याच्या जोडीला हा ५० चा ठेवा. हिरे झाले दोन, किंमत २५,०५०, अनेकवचनाचा प्रश्न मिटला आणि नगाचाही.

मोठा हिरा फोडून अनेक करू नका. फुटलेल्या तुकड्यांची बेरीज अखंड हिऱ्याइतकी येत नाही, हे सराफाला विचारायची गरज नाही. आणि क्रिएशन स्पेलने हिरा करायचा विचार कुणी करत असेल तर तिथेच थांबा. क्रिएशनची रत्नं १० मिनिटं टिकतात, आणि त्या स्पेलने तयार केलेलं काहीही दुसऱ्या स्पेलचं साहित्य म्हणून वापरलं तर तो स्पेल फसतो. हे स्पष्ट लिहिलंय.

संकेश्वर_शून्यस्लॉट

क्रिएशन काही काळापुरतं चालत असेल तर लोखंडाला का नको? दंड पण नाही.

अक्का_डीएम

चालतं की. कामाच्या मुदतीवर ठरवा. क्रिएशन ५ व्या लेव्हलचा: लाकूड, दोर, कापड एक दिवस टिकतं, दगड-स्फटिक १२ तास, मौल्यवान धातू एक तास, ॲडमंटाइन किंवा मिथ्रल एक मिनिट. आकार ५ फुटी घनात बसला पाहिजे, वरच्या स्लॉटमध्ये प्रत्येक लेव्हलला ५ फूट वाढ. शिडी, तराफा, दोर यांसाठी विशचा दंड घेणं वेडेपणा. ५ वा स्लॉट टाका आणि मोकळे व्हा.

फॅब्रिकेट ४ थ्या लेव्हलचा, कायमस्वरूपी वस्तू देतो, पण कच्चा माल समोर लागतो. धातू किंवा दगड असेल तर वस्तू ५ फुटी घनात बसावी. हत्यार, चिलखत, काच, दागिना असलं कारागिरीचं काम असेल तर त्या अवजारांची प्रोफिशन्सी (सराव) हवी. लोहाराची अवजारं येणारा विझार्ड पुरेसं लोखंड समोर ठेवून १,५०० जीपीचं प्लेट चिलखत १० मिनिटांत करतो. त्यासाठी विश खर्च करून २३,५०० वाया घालवायचे कशाला?

तिसरंगेट

प्लेटवरून आठवलं. फायटरला (लढवय्याला) रिंग ऑफ थ्री विशेस, म्हणजे तीन विशची अंगठी, मिळाली तर तोही वस्तू मागू शकतो, पण स्पेल टाकणारा तोच, म्हणून दंडही त्यालाच. स्ट्रेंग्थ ३, मर्यादा ४५ पौंड, प्लेटचं वजन ६५. मागितलेलं चिलखत अंगावर घेता येत नाही, अंगावर असलेलंही पेलत नाही. फायटरने अंगठीतून साधी वस्तू मागू नये. मागायचीच तर गावात, दार लावून.

निपाणी_वीसबाजू

आता खिंड. खिंडीची वाट १२ मीटर रुंद धरा. पलीकडून फौज येतेय.

तिसरंगेट

लोखंड १ एसपी (चांदीचं नाणं, जीपीचा दहावा भाग) पौंड. २५,००० जीपी म्हणजे २,५०,००० पौंड, सुमारे ११३ टन. आकारमान साधारण १४.४ घनमीटर. म्हणजे १२ मीटर लांब, १२ मीटर उंच आणि १० सेंटिमीटर जाड असा एक अखंड पत्रा. खिंड बंद.

डीएम म्हणेल हा कच्च्या लोखंडाचा भाव, घडवलेल्या पत्र्याचा नव्हे. तेही रास्त आहे. पुस्तकात वस्तू घडवायला निम्म्या किमतीचा कच्चा माल लागतो. तसं धरलं तर लोखंड निम्मं: १२ मीटर लांब, ६ मीटर उंच, जाडी तीच. चढायला तरीही अवघड.

चूक होते ती उभं करण्यात. वस्तू ‘जमिनीवर’ येते, जमिनीत रोवलेली नाही. १० सेंटिमीटरच्या तळावर उभा १२ मीटर उंच पत्रा टिकणार नाही. वाऱ्याने किंवा दोन ओग्रच्या (धिप्पाड राक्षसांच्या) धक्क्याने आडवा, आणि कुठल्या बाजूला पडेल याची खात्री नाही. त्यापेक्षा तळाशी रुंद, वर निमुळता असा ठोकळा मागा, पाचरीसारखा. तळ २ मीटर, माथा धारदार, लांबी १२ मीटर. पूर्ण १४.४ घनमीटर धरलं तर त्रिकोणी छेदाचं क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर बसतं, म्हणजे उंची १.२ मीटर येते. फारच बुटका! म्हणून तळ १ मीटर घ्या, उंची २.४ मीटर. घोडदळ थांबतं, गाड्या थांबतात, ठोकळा उलथत नाही. पायदळ चढेल, पण एकेक करून.

आणि शत्रूच्या डोक्यावर पाडायचा विचार असेल तर जमीन आणि मोकळी जागा हे दोन्ही शब्द आडवे येतात.

शहापूर_माग

दगड हवा असेल तर विश नकोच. वॉल ऑफ स्टोन, ५ वा लेव्हल: १० बाय १० फुटांचे दहा पत्रे, अर्धा फूट जाड, १० मिनिटं एकाग्रता टिकवली की कायमचे. १२ मीटर म्हणजे ४० फूट. चार पत्र्यांत रुंदी, दोन थरांत २० फूट उंची, दोन पत्रे शिल्लक. भिंत खडकाला जोडता येते, त्यामुळे पडत नाही. लोखंडाचा हट्ट फक्त समोर दगड फोडणारं कुणी असेल तर.

मलप्रभा_काठ

नौकेवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दोन प्रश्न आहेत, एक व्याख्येचा, एक पाण्याचा.

व्याख्या: २०१४ च्या डीएम गाइडमध्ये वस्तू म्हणजे खिडकी, दार, तलवार, पुस्तक, टेबल, खुर्ची, दगड असली सुटी निर्जीव गोष्ट; अनेक वस्तू जोडून झालेली इमारत किंवा वाहन नव्हे. २०२४ च्या पुस्तकातही इमारतीसारखी जोडकामाची गोष्ट म्हणजे एकापेक्षा जास्त वस्तू, असंच म्हटलंय. शब्दशः घेतलं तर नौका बाद.

उलट बाजूने म्हणता येतं की युद्धनौकेचा पुस्तकी भाव नेमका २५,००० आहे आणि मर्यादा ३०० फूट आहे. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, ३०० फूट म्हणजे ९१. धबधब्यापेक्षा कितीतरी उंच वस्तूची मुभा देणाऱ्याच्या डोक्यात खुर्ची-टेबल नसणार. (गोकाकचा झुलता पूल मात्र २०१ मीटरचा, तो बसत नाही, कुणी विचारायच्या आत सांगतो.) माझं मत: नौकेला हो म्हणा, वाड्याला नाही. वाड्याला पाया, विहीर, जागेची मालकी असं शंभर शेपूट असतं.

अक्का_डीएम

वाड्याला नाही म्हणताना पर्याय द्या. झनाथर गाइड या पुस्तकातला मायटी फोर्ट्रेस हा स्पेल ८ व्या लेव्हलचा, म्हणजे विशने नक्कल होते, दंड नाही आणि ५०० जीपीचा हिराही वाचतो. १२० फूट बाजूची गढी ७ दिवस उभी राहते. त्याच जागी दर ७ दिवसांनी वर्षभर टाकला तर कायमची. वर्षात साधारण ५२ वेळा. स्लॉट आणि हिरे घालून केलं तर ५२ गुणिले ५०० म्हणजे २६,०००, विशने केलं तर शून्य. फक्त आठवड्यातला एक विश तिथे अडकतो.

मालकीचा विषय काढलात ते बरं झालं. विशने कागदपत्रं मागणारेही असतात: जहागिरीची सनद, जमिनीचा उतारा. कागद मिळेल. शिक्का हुबेहूब येईल. पण राजाच्या दप्तरात फेरफार होणार नाही, कारण दप्तरातली नोंद ही दुसरी वस्तू आहे. पहिला तलाठी भेटेपर्यंत तुम्ही जहागीरदार.

खडेबाजार_कायदेपंडित

मलप्रभाच्या व्याख्येशी असहमत. नियमात ‘वाहन’ शब्द आहे, तो सोयीने पुसता येत नाही. डीएम नौका देत असेल तर त्याने ते मेहेरबानी म्हणून द्यावं आणि पुढची मेहेरबानी मागता येणार नाही हेही सांगावं.

मलप्रभा_काठ

मान्य, मेहेरबानी म्हणू. आता पाणी.

वस्तू जमिनीवर येते. समुद्रात, नदीत, तळ्यात येत नाही. सॉल्टमार्शच्या पुस्तकात युद्धनौका १०० फूट बाय २० फूट आहे. ती माळावर उभी केली तर हलवणार कोण? उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उभी करून मृगाची वाट बघणं हा एक मार्ग, मलप्रभेच्या उगमापासून, कणकुंबीपासून, खालपर्यंत कुणीही सांगेल. पण मोहिमेला तेवढा वेळ नसतो.

कंट्रोल वॉटर वापरा. ४ था लेव्हल, क्लेरिक किंवा ड्रुइडकडे (निसर्गाच्या पुजाऱ्याकडे) असतो, पल्ला ३०० फूट, क्षेत्र १०० फूट बाजूच्या घनापर्यंत, एकाग्रता १० मिनिटं. त्यातला पाणी दुभंगण्याचा पर्याय निवडला की क्षेत्राच्या आरपार चर पडतो आणि तळ उघडा होतो. ती जमीन. विझार्डला ती दिसली पाहिजे, म्हणून काठावर उंच जागी उभं राहा. क्रम असा: ड्रुइड पाणी दुभंगतो, विझार्ड चराच्या लांबीत नौका मागतो, ड्रुइड एकाग्रता सोडतो. पाणी पुढच्या एका राउंडमध्ये (सहा सेकंदांत) हळूहळू भरतं. नौका उचलली जाते.

क्षेत्राची बाजू १०० आणि नौका १०० फूट, म्हणजे डीएम घासाघीस करणार. घन तिरका धरून कर्णावर नौका ठेवता येईल असं कुणी म्हणेल, पण चर क्षेत्राच्या आरपार सरळ जातो. त्यापेक्षा नौका ९० फुटांची मागा. भाव २५,००० च्या आतच राहतो.

संकेश्वर_शून्यस्लॉट

पाणी भरायच्या आधी नौका कलंडली तर? खाली निमुळता तळ असतो की.

मलप्रभा_काठ

कलंडेल, आणि तीच खरी जोखीम. सहा सेकंद ती कण्यावर उभी असते. मागतानाच तळाला दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू बनवलेले मागितले तर ते नौकेचा भाग धरायचे की दुसरी वस्तू, हे डीएमवर. मी डीएम असतो तर सपाट तळाची नौका मागायला सांगितली असती; चिखलात बसते, पाणी आलं की सरळ उठते. नौकेच्या कडेपासून पाण्याच्या भिंतीपर्यंत अंतर कमी ठेवा, म्हणजे कललीच तर पाण्याच्या बाजूने कलेल. नदीची खोली किमान १० फूट तरी हवी, नाहीतर पाणी भरूनही ती रुतूनच राहील.

निपाणी_वीसबाजू

आणि चालवायला माणसं?

मलप्रभा_काठ

विशमध्ये येत नाहीत. डीएम गाइडप्रमाणे युद्धनौकेला ६० खलाशी. कसबी माणसाची मजुरी दिवसाला २ जीपी, सगळे कसबी घेतले तर १२० जीपी रोज. आदल्या दिवशीच ठरवून काठावर बसवून ठेवा. विझार्डला तर त्या रात्री शिडीसुद्धा चढता येणार नाही, त्याला वर ओढायला एक दोर आणि दोन माणसं वेगळी धरा.